शुगरची मुळी

मुलगी डोळे उघडत नव्हती. मी दोनदा गालावर चापट मारली, मान तशीच कलंडली. श्वास भराभर चालला होता आणि तोंडाला नासलेल्या फळासारखा वास येत होता. भर दुपार होती. आमच्या मालकांनी पाथर्डीकडं जाणारी जीप थांबवली, आतली माणसं उतरवली. तिला सीटवर आडवी घालून, जीप उलटी वळवून आम्ही नगरला नेलं. मी रडले नाही. खड्ड्यात ती घसरू नये म्हणून पाय धरून बसले.

ती बारा वर्षांची होती. तीन वर्षांपासून तिला रोज दोनदा इन्सुलिनची सुई लागायची. मीच टोचायचे. घरात फ्रीज नव्हता, बाटली पिशवीत बांधून माठात ठेवायचे.

पंधरा दिवस आधी मी नगरच्या डॉक्टरांना विचारलं होतं, "ही सुई कधी सुटंल?" दोन हजार साल लागायला तेव्हा थोडेच महिने होते. ते म्हणाले, परदेशात मूळ पेशींपासून इन्सुलिन करणाऱ्या पेशी वाढवायचा प्रयत्न चाललाय, जमलं तर सुई बंद होईल. पेशी म्हणजे मला तहसीलातली माहीत, जमिनीच्या वादाची तारीख. तो शब्द मी सोडून दिला. मूळ आणि सुई बंद, एवढं घेऊन घरी आले.

दहा-बारा दिवसांनी बाजारात जडीबुटीवाला भेटला, त्याला विचारलं, "शुगरची मुळी हाय का?"

"हाय की, मावशे. कुनाला?"

"पोरीला. डाक्टरनंच सांगितलीय."

"मंग तर दोन जुड्या न्या."

सकाळी उकळून पाजली, सुई दिली नाही. पोर म्हणाली, "आये, लई कडू हाय. सुईच बरी."

"गप गीळ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिला उलट्या झाल्या. मी मुळी वाढवली. तिसऱ्या दिवशी ती उठली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सुई कधीपासून बंद?"

"परवापासून."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच. मूळ म्हनला ना, तीच मुळी पाजली."

त्यांनी नर्सला सलाईन लावायला सांगितलं. मग म्हणाले, "बाई, त्या पेशी अजून प्रयोगशाळेत काचेच्या बशीत आहेत. माणसाला द्यायला किती वर्षं लागतील, कुणाला माहीत नाही. मुळीचा त्यात काही संबंध नाही."

मालक भिंतीकडं तोंड करून उभे होते.

चौथ्या दिवशी तिनं पाणी मागितलं. घरी आल्यावर बाटली तिनं स्वतःच्या ताब्यात घेतली, सुई पुन्हा माझ्या हातात दिली नाही. पोर जगली.