बापाच्या रक्तातलं निम्मं

माझा थोरला भाऊ मायाप्पा दारूच्या वाऱ्यालाबी उभा राहिला न्हाय कधी, तरी गाव त्याला बेवडा म्हनतं. चाळिशी लागली नि चालताना त्याच्या झोकांड्या जाय लागल्या, जीभ जड झाली. आमच्या बापाचंबी तसंच झालेलं. मेंढरामागं फिरनं सुटलं, ते गोजावैनीच्या गळ्यात पडलं. दादा कुनाशी भांडला न्हाय. भांडाय मी हाय की!

औंदा त्याला, वैनीला नि त्यांच्या पूनमला सोलापूरला माझ्या घरी आनलं नि मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त बाहेरगावी तपासाय गेलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाई म्हनाल्या, "वाडवडिलांकडून आलेली जनुकं मशीननं अक्षर-अक्षर वाचली. एका जनुकात तीच अक्षरं वाजवीपेक्षा जास्त वेळा आलीत. तोल त्यानंच जातो. मुलांत यायची शक्यता निम्मी."

झालं! वैनीनं तितंच हिशेब मांडला. दादाची लेकरं दोन, निम्मं म्हंजी एक. जोतिराम आईच्या तोंडावळ्याचा, पूनम बापाच्या. मग पूनमच की! बाई मटकन खाली बसली. नि पूनमची तर माझ्या लेकाशी, सिद्धरामाशी सुपारी फुटलेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला थांबवलं, "अहो, तसं नाही. प्रत्येकाला निम्मी. दोघांना येईल, नाहीतर एकालाही नाही. चेहऱ्यावरून कळत नाही. रक्त तपासता येतं, पण पूनमला हवं असेल तरच. आणि बरं करणारं औषध अजून नाही. तुमचंही—"

"माझं ऱ्हाऊ द्या," म्या म्हनलं, "मी दिल्या घरची." औषध न्हाय तर तपासायचं कशाला? डोस्क्याचा पार भुगा झाला.

घरी आमच्या मालकांनी तोडगा काढला. "पूनमनं बिरोबाचा भंडारा उचलून सांगावं, माझ्यात न्हाय म्हनून. लगीन पक्कं." आमच्यात देवाची हळद, भंडारा उचलला की आन झाली, वाद मिटतो. मला लई बरं वाटलं. म्या पोरीफुडं हळदीचं ताट ठिवलं.

पूनमनं हात मागं घेतला. "आत्या, मला ठावंच न्हाय, तर आन कशी घिऊ? आजा तुमचाबी बाप की. तुमी उचलता व्हय?"

सिद्धराम माझ्याकडं बघत हुता. माझ्यात असंल तर त्याच्यातबी यायची शक्यता निम्मी. माझा हात काय ताटाकडं जाईना. आता ह्या लग्नाला न्हाय कुनी म्हनायचं, तिनं का आमी, तेच मला कळंना झालंय.