मराठीवाली शिक्षा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी सिलिंडरचा नंबर लावला हेसुद्धा सांगते. आज सांगते आहे, कारण रविवारी रेवा घरी येते आहे आणि मला भीती वाटते आहे.

रेवा माझी मुलगी. एकोणीस वर्षांची, पुण्यात शिकते. मी किशोरांसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिते, राण्यांच्या लहानपणावर. आम्ही मूळचे साताऱ्याचे. नवऱ्याच्या बँकेमुळे लखनौला आलो, जानकीपुरममध्ये स्थिरावलो. माझी कामाची पद्धत ठरलेली. प्रत्येक प्रकरणाची यादी — ऋतू, कपडे, जेवण, वाहन, पुरावा. जमलं की बरोबरची खूण.

पहिल्या कादंबरीतलं एक प्रकरण मात्र यादीतून आलेलं नाही. तेच सगळ्यांना आवडलं.

दख्खनमधली अकरा वर्षांची मुलगी बुंदेलखंडात नांदायला निघते. मेण्यात बसण्याआधीची सकाळ. ती मला लिहिताच येत नव्हती. दागिने होते, घोडे होते, मुलगी नव्हती. त्याच आठवड्यात रेवाची खोली आवरताना तिची वही सापडली. सापडली? — नाही. मी गादीखाली हात घातला. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. पुण्याच्या वसतिगृहाचा अर्ज मी भरून ठेवला होता. तिला विचारलंही होतं. "हाँ आई, ठीक है," म्हणाली होती. आम्ही मराठीत बोलतो, ती उत्तरं हिंदीत देते.

वहीही हिंदीतच. "आई कहती है, पुणे में शिक्षण होगा। मैं कहती हूँ, शिक्षा। मराठीवाली।" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत — तुम्हाला माहीतच आहे. खाली लिहिलं होतं की आईला नाही म्हणून उपयोग नसतो, ती आधीच खूण करून बसलेली असते.

मी आधी हसले. किती छान सुचलंय पोरीला! मग दार लावून घेतलं आणि मराठीत उतरवून काढलं — शब्द न् शब्द. माझी छोटी राणी तेच बोलते. वाचकांची पत्रं आली: मुलीचं मन इतकं नेमकं कसं ओळखलंत? निरीक्षण, असं मी कळवलं.

रेवाला कळेल अशी भीती तेव्हा नव्हती. तिला मराठी वाचता येतं, पण "आई, यार, तेरी रानियाँ बहुत भारी बोलती हैं," म्हणत, जड भाषेला कंटाळून ती दोन पानांत पुस्तक मिटायची. आता हिंदी अनुवाद निघाला आहे. काल तिचा फोन — "आई, किताब मिल गई! ट्रेन में पूरी पढ़ूँगी। अब तो कोई बहाना नहीं।" प्रकरण तिसरं आहे. भोपाळच्या आधीच ती तिथे पोचेल. उतरल्यावर काय म्हणेल?

पण इथेच थांबले, तर तीही लबाडीच. वही वाचली, चोरली — एवढं कबूल करणं त्या मानाने सोपं आहे. वही परत ठेवली तेव्हा अर्ज माझ्या टेबलावरच होता. पाठवायचा राहिला होता. तिचे बाबा म्हणालेही, "अगं, एवढी घाई कशाला? दहावी इथेच होऊ दे की." मी म्हटलं, तिलाच जायचंय, आणि अर्ज पाठवला.

मला पुढचं प्रकरण लिहायचं होतं — सासरचे पहिले दिवस.

ती गेली. दर शनिवारी फोन करायची, रडायची, घरी ने म्हणायची. मी "हो गं बाळा, हो गं," म्हणायचे, आणि माझ्या हातात पेन असायचं. एकदा तिचं सगळं सांगून झालं. मी ओळ पूर्ण केली. मग विचारलं — "आणि? आणखी काय वाटतं?"