भाई परबांची पट्टी

भाई परब आमच्या घरी येताना दार कधी वाजवायचे नाहीत. करी रोडच्या आमच्या चाळीत दारं सताड उघडीच असायची म्हणा, पण भाई जिन्याच्या वळणावर थांबून नुसतं 'हं' करायचे आणि आमच्या फळीवरची स्टीलची ताटं झणझणायची. खोटं वाटेल. लग्न होऊन आलेल्या आमच्या बायकोला पहिल्यांदा भुताटकीच वाटली होती. पुढे सवय झाली. ताटं वाजली की ती आतून म्हणायची, "आले तुमचे भाई. चहाचं पाणी वाढवते."

एवढासा माणूस. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी छाती, कमरेच्या पट्ट्याला घरी खिळ्याने पाडलेलं जास्तीचं भोक. आणि त्या देहातून तो आवाज! नवखा माणूस भाईंच्या मागे कोण उभं आहे ते वाकून बघायचा. शिवडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवून घ्यायचं त्यांचं काम होतं. ट्रकची इंजिनं धडधडत असताना भाई साधं बोलायचे आणि ते पार टोकाच्या हमालाला ऐकू जायचं. ओरडणं त्यांना ठाऊकच नव्हतं. फोन उचलून 'परब बोलतोय' म्हटलं की पलीकडचा आपोआप 'बोला साहेब' म्हणायचा. भाई फोन ठेवून आम्हाला सांगायचे, "आवाजान सायब आणि कपड्यान हमाल. आमचा सगळा असाच!"

चाळीतल्या तान्ह्या पोरांना मात्र तो आवाज बरोबर कळायचा. कुणाचं पोर रडून रडून निळं पडलं की ते भाईंच्या छातीवर नेऊन टाकायचं, हा आमच्याकडचा रिवाजच होता. भाई आरामखुर्चीत मागे रेलायचे, डोळे मिटायचे आणि ओठ न उघडता काहीतरी गुणगुणायचे. पोर दोन हुंदके द्यायचं आणि गप्प. माझी मुलगी तशी किती वेळा झोपली असेल! आज ती एका मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे, चार माणसांना झोपू देत नाही. पण भाईंचं नाव काढलं की गप्प होते.

आता मुख्य गोष्ट. आमचं भजनी मंडळ होतं. दर शनिवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या खोलीत भजन. बुवा म्हणजे तुकाराम घाडी. पेटी तेच वाजवायचे आणि गायचेही तेच. पखवाज माझ्याकडे. बाकी सगळे टाळ घेऊन मागे बसायचे आणि बुवांनी म्हटलेली ओळ उचलायचे. आमच्या कोकणी भजनात आवाज असा हवा की तो कौलं फोडून वर गेला पाहिजे. बुवांची पट्टी काळी चार. म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरायचा आणि तिथून वर चढत जायचं. बुवा चढायचेही. दुसऱ्या मंडळाशी सामना असला आणि बुवांनी वरचा सूर लावला की समोरचे बुवा रुमालाने घाम पुसायला लागायचे. त्या पट्टीवर आमच्या मंडळाचं नाव उभं होतं. माझा पखवाजही त्याच पट्टीला ताणलेला.

आणि या मंडळात भाई परब! बुवा वर निघाले की भाईंचा आवाज अर्ध्या वाटेत फाटायचा. मग ते गुपचूप खालच्या सप्तकात उतरायचे आणि तिथून तीच ओळ म्हणायचे. समोर बसलेली माणसं फिस्सकन हसायची. बुवा पेटी थांबवून मागे वळायचे. "भाई, वर काढ रे आवाज! विठ्ठल काय विहिरीत बसलो नाय!"

"प्रयत्न करतंय, बुवा," भाई म्हणायचे.

आणि खरंच करायचे हो! आम्हा सगळ्यांचा पक्का समज होता की भाईंचा आवाज बसलेला आहे, तो उठवला पाहिजे. जो तो औषध सांगायचा. कुणी ज्येष्ठमध, कुणी कंकोळ, कुणी मिरी घालून तूप. बुवांनी फर्मान काढलं की आंबट बंद. भाईंनी शनिवारची सोलकढी सोडली. मालवणी माणसाने सोलकढी सोडणं म्हणजे काय हे बाहेरच्याला नाही कळायचं. गोदामात जाण्याआधी ते शिवडीच्या खाडीवर जाऊन वरचा सूर लावायचे. "फ्लेमिंगो उडान जातत रे," मला सांगायचे, "सूर काय लागणा नाय." अशी कितीतरी वर्षं गेली. आवाज काही चढला नाही. शेवटी बुवांनी सांगून टाकलं, "तू टाळ वाजव, बाबा. तोंड नुसता हलव." भाईंनी मान डोलावली आणि टाळ वाजवायला लागले.

पण त्यांच्या मनात एक होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. त्यांचे वडील गिरणीत साचावर, म्हणजे मागावर होते, आवाज असाच खोल. एक अभंग ते काम करताना स्वतःशी म्हणायचे. भाईंना तो मंडळात पुढे बसून, बुवांच्या जागेवरून म्हणायचा होता. आम्ही भारतमाता थिएटरच्या बाजूने चालत येत होतो तेव्हा ते मला म्हणाले, "एकदाच रे, सुऱ्या. बापाशीचो अभंग. माझ्या सुरात. आणि तुम्ही सगळ्यांनी मागसून उचलूचो. मगे मरासर टाळ वाजवतंय." एवढंच मागणं. पण तेवढ्यासाठी अख्ख्या मंडळाने खाली उतरायला हवं होतं, आणि तेच अडलं होतं.

आमच्या गणपतीच्या बक्षीस समारंभाला एकदा रोझी मिस पाहुण्या म्हणून आल्या. परळच्या एका शाळेत त्या गाणं शिकवायच्या आणि दादरच्या चर्चमधलं गाणारं मंडळ सांभाळायच्या. माइकवरून भाईंनी 'चपला बाहेर काढाव्यात' अशी सूचना दिली आणि बाई खुर्चीवरून उठल्याच. बक्षिसं राहिली बाजूला. भाईंना त्यांनी कोपऱ्यात नेलं, खालचे सूर लावायला लावले, मग वरचे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, हा बॅरिटोन आहे! पुरुषांचा उंच आवाज आणि अगदी तळाचा आवाज यांच्या मधला. आमच्या मंडळात असा एक माणूस मिळावा म्हणून मी कधीची शोधतेय. याला वर कशाला ओढता? हा बसलेला आवाज नाही, हा असाच आहे."

भाई हळूच म्हणाले, "म्हणजे ह्येका नाव आसा?" आणि माझा दंड धरून, "इतकी वर्सां माका वाटला, माझ्या नरड्यात खोट आसा रे."

त्या माणसाचे डोळे तेव्हा भरून आले होते. मी म्हटलं, "चला, चहा घेऊ."

मिसच्या आग्रहाने भाई काही रविवार दादरला जाऊन आले. पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत उभे राहायचे. परत आले की खुशीत. "थंय माका कोणी 'वर काढ' म्हणूक नाय. उलट ती बाई म्हणता, परब, थोडा आणखी खाली!" मग जायचे का बंद झाले विचारलं तर म्हणाले, "येशू बरो आसा रे, पण आमची वळख नवीन. विठ्ठल लहानपणापासूनचो."

मग मीच बुवांकडे गेलो. म्हटलं, एक अभंग, फक्त एक, पांढरी एकवर होऊ द्या. पांढरी एक म्हणजे सप्तकाची पहिली पांढरी पट्टी. बुवांच्या सुरापासून चांगलीच खाली. बुवा भडकले. "सुरेश, तू पखवाजवालो आसस, पखवाज वाजव. पट्टी उतरली की मंडळ उतरला. लोक काय म्हणतले? बुवा संपलो!" मला रागच आला. पण खरं सांगायचं तर बुवाही भ्याले होते. त्यांचं वय होत चाललं होतं आणि वरचा सूर लावताना मानेची शीर दिसायला लागली होती.

माझ्याही अडचणी होत्या. काळी चारचा पखवाज पांढरी एकला सोडला तर तो ओल्या पुठ्ठ्यासारखा वाजतो. मग कॉटन ग्रीनच्या एका कीर्तनकारांकडून मी त्यांचा जुना, रुंद तोंडाचा, खालच्या पट्टीचा पखवाज मागून आणला आणि दर शनिवारी चादरीत गुंडाळून मागे ठेवायला लागलो. बायको म्हणायची, "दोन दोन पखवाज कशाला नेता? वरात आहे का?" मी म्हणायचो, असू दे.

मग चाळीच्या पुनर्विकासाच्या सह्या झाल्या. खोल्या रिकाम्या करायची तारीख आली आणि जाण्याआधी शेवटची सत्यनारायणाची पूजा ठरली. दुपारीच चौकात मांडव घातला. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी गच्च. बुवांनी गजर लावला, काळी चार. पहिला अभंग निभावला. दुसऱ्यात वर चढताना आवाज चिरकला. बुवा पाणी प्यायले, पुन्हा सूर लावला, पुन्हा चिरकला. गॅलरीतून कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, इतकी वाईट शांतता पडली. बुवा पेटीवर हात ठेवून खाली बघत बसले. मग मागे वळले.

"भाई," ते म्हणाले, "तुझी पट्टी खंयची रे?"

एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीच सांगितलं, "पांढरी एक, बुवा." बुवा सरकले, भाईंना शेजारी ओढून पुढे बसवलं आणि पांढरी एक दाबून भाता मारायला लागले. मी जुन्या पखवाजाची चादर सोडली.

भाईंनी वडिलांचा अभंग सुरू केला. माइक लांबच होता, पण गरज पडली नाही. पहिली ओळ झाली, मागच्यांनी उचलली, जरा बिचकत. दुसरी ओळ झाली आणि मी चमकलो. आवाज वाढले होते. वर बघतो तर गॅलरीतले म्हातारे गात होते! आवाज चढत नाही म्हणून वर्षानुवर्षं मंडळातून बाजूला झालेले साळसकर, दम्याचे चव्हाण, कधी तोंड न उघडलेले, घरमालकांसाठी भाडं गोळा करणारे मेहता, सगळे. ही पट्टी त्यांच्या गळ्यात बसत होती. आम्ही किती जणांना गप्प बसवलं होतं, देव जाणे. आणि सगळ्यांत मोठ्याने ओळ उचलत होते बुवा घाडी. मान मागे टाकून, डोळे मिटून, पाणी गालावर.

त्या अभंगाची शेवटची ओळ सा सोडून खाली उतरते. सगळे सा पर्यंत आले आणि थांबले. तिथून खाली भाई एकटेच गेले, सावकाश, जिना उतरावा तसे. तो खालचा सूर लागला तेव्हा माझ्या मांडीवरच्या पखवाजाची कातडी पुडी माझा हात न लागता थरथरली. मी आयुष्यात तसं ऐकलं नव्हतं. सगळं झाल्यावर भाईंच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, वाडगाभर सोलकढी आणून त्यांच्या हातात दिली. भाई ती एका दमात प्यायले आणि मला म्हणाले, "बापूस ऐकत होतो रे."

चाळ पांगली. कुणी कल्याण, कुणी बदलापूर, बुवा मुलाकडे ठाण्याला. भाई विरारला गेले. फोन करायचे, 'सुऱ्या, मेल्या, जिवंत आसस?' म्हणायचे आणि फोन कानापासून लांब धरावा लागायचा. टॉवर तयार झाला की नव्या हॉलमध्ये पांढरी एकवर भजन करायचं, हे आमचं पक्कं होतं. टॉवर अजून निम्माच चढलाय. भाई गेल्या चैत्रात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आमच्याकडे माणूस गेला की बाराव्याला मंडळ जाऊन भजन करतं. विरारच्या त्या छोट्या खोलीत आम्ही कसेबसे मावलो. बुवांनी पेटी पुढ्यात घेतली आणि कुणाला न विचारता पांढरी एक दाबली. भाईंच्या वडिलांचा अभंग. आता तो भाईंचा झाला होता. आम्ही गायलो, रडत गायलो, आणि शेवटच्या ओळीला सा पर्यंत उतरलो. तिथून खाली जायला आमच्यात कुणी नव्हतं. सगळे एकदम थांबले. बुवांनीही गाणं थांबवलं, पण सूर दाबून ठेवला आणि मला हाताने खूण केली, वाजव.

ती ओळ मी रिकामी वाजवली. भाई जितक्या सावकाश उतरायचे तितक्याच सावकाश, पूर्ण. आतल्या खोलीच्या दारात वहिनी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या कान देऊन ऐकत होत्या. समेवर आलो तेव्हा बुवांनी पेटी मिटली. पुढचा अभंग कुणी सुरू केला नाही. मला भाई हवे होते. अजून हवे आहेत.