रोह्यातलं कुलूप आणि शुक्रवारचं हळदीकुंकू

"शाळेतल्या कविता म्हणायला ये रे एकदा," बालमित्र दत्तूचा रोह्याहून फोन आला आणि मी पिशवी भरली. कुंडलिकेकाठी बसावं, मास्तरांच्या चालीत म्हणावं, एवढंच मनात होतं.

ठाण्याहून एसटीनं पेणला उतरलो. पोह्याचे पापड घेतले, कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी बघत रमलो. पुढे वडखळला गाड्यांची ही कोंडी! घाई असेल तर रेल्वेनं जा.

दत्तूच्या घरी मात्र कविता राहिल्या बाजूला. त्याचा मुलगा नीलेश व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच परतलेला. मागं नशेच्या गोळ्या जास्त घेऊन पडला, तेव्हा दारू चढली समजून शेजाऱ्यांनी उताणाच धरून तोंडात लिंबूपाणी ओतलं होतं. "तेव्हा वाचला," सून सुषमा म्हणाली. "पण आता अंगाची सवय मोडलीय. चुकून पहिल्याएवढ्या घेतल्या, तर जीवच जाईल, असं सिस्टर सांगतात."

म्हणून असं कुणी पडलं तर काय करायचं ते शिकवायला तिनं आरोग्य केंद्राच्या सिस्टरना आळीच्या देवळात बोलावलं होतं. देवळाच्या अध्यक्षांनी सभामंडपाला कुलूप ठोकलं. "गणपती तोंडावर आलं. गावात नशेडी हायत, ह्याची दवंडी पिटायची काय?"

माझं डोकंच फिरलं. याच मंडपात आम्ही पोरं कविता म्हणायचो. तेव्हा दार सताड उघडं असे. आता जीव वाचवायची चार वाक्यं म्हणायला बंदी? पोरगा गेला तर तिरडीला खांदा द्यायला हेच पुढे येणार!

"श्रावणी शुक्रवारच्या हळदीकुंकवाला कोण कुलूप लावतो, बघतेच," सुषमा म्हणाली.

शुक्रवारी दत्तूच्या घरची ओटी बायकांनी गच्च भरली. दूध-फुटाणे झाले आणि सिस्टर उभ्या राहिल्या. "हाक मारून उठत नाही, श्वास मंद, ओठ निळे, तर एकशे आठला फोन. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. कांदा हुंगवत बसू नका, तोंडात काही ओतू नका. काय घेतलंय ते लपवू नका. यावरचं इंजेक्शन असतं, पण माणूस वेळेत पोचला पाहिजे."

"करून दाखवा की," एक आजी म्हणाल्या.

नीलेश माजघरातून आला, मान खाली घालून चटईवर आडवा झाला. सुषमानं त्याचा खांदा धरला.

"हळू गो, पोतं नाय मी!"

"पोतं परवडलं. गप पड."

बायका हसल्या. मग एकेकीनं त्याला वळवून बघितलं. दारात उभ्या दत्तूनं डोळे पुसले.

घरी परतलो. बायकोनं विचारलं, "कविता झाल्या का म्हणून?"

"एकही नाही," मी म्हणालो. "तू आधी आडवी हो बघू. एक गोष्ट पाठ करायचीय."