बकरी एक की दोन

आमचे भाऊजी फोनवर सिनेमावेड्यांचा मंच चालवतात आणि सिनेमा बघत नाहीत. हे मी पहिल्यांदा ताईच्या तोंडून ऐकलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने भाऊजींचा सदरा असा झटकला की आत भाऊजीच आहेत असं वाटावं. "मोठे आले पंच! शेवटचा सिनेमा कधी बघितला ते विचार त्यांना. विचारच."

मी विचारलं नाही. मी समोरच्याच दारात राहते, मला रोज तोंड दाखवायचं असतं. शिवाय उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मंचावरच्या लोकांना तेवढं ठाऊक नव्हतं, आणि त्यांना कळलं असतं तर भाऊजींची पंचगिरी त्याच दिवशी आटोपली असती.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतात. कुठेतरी कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकतं, लिफ्टमधलं बटण दाबतं आणि भाऊजींच्या कानात ओरडतं. भाऊजी म्हणतात, "घाबरू नका. दाराला हात लावू नका. माणूस निघालाय." माणूस कधीकधी निघालेला नसतो, जेवत असतो. पण भाऊजींचा आवाजच असा की अडकलेल्याला बरं वाटतं. पंचाईत एवढीच की हाच आवाज ते घरीही वापरतात. मागे ताईच्या हातावर कुकरची वाफ आली तर हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "घाबरू नकोस, झाकणाला हात लावू नकोस." माणूस काही निघाला नाही.

लग्नानंतर दोघं दर आठवड्याला सिनेमाला जात. बाहेर आल्यावर भाऊजींना त्यावर तासभर बोलायचं असे आणि ताईला झोप आलेली असे. म्हणून त्यांनी 'पडदा' नावाचा मंच काढला आणि तिथली भांडणं सोडवायला स्वतःच पंच झाले. सुरुवातीला मूठभर सभासद होते, सगळे सज्जन. मग मंच वाढला आणि सज्जन पुरेनासे झाले. एकदा एका सिनेमावरून रणकंदन माजलं. भाऊजींनी तो सिनेमा पाहिला होता, त्यांना आवडला होता, आणि तसं ते लिहून बसले. झालं! निम्मे सभासद 'पंच एका बाजूचे आहेत' म्हणून तणतणत निघून गेले. भाऊजींनी हाय खाल्ली. कितीतरी दिवस त्यांना अन्न गोड लागेना.

त्यातून त्यांनी स्वतःसाठी एक नियम केला. ज्या सिनेमावर वाद चालू आहे, तो पंचाने बघायचा नाही. नियम ऐकायला चोख आहे. फक्त सिनेमावेड्यांचा वाद कधीतरी मिटतो असं ते धरून चालले होते, तिथेच घोडं पेंड खात होतं. एक वाद मिटायची वाट बघावी तर नवा सिनेमा लागायचा आणि त्याचा वाद आधीच्याच्या डोक्यावर चढून बसायचा. अशी पाच-सहा वर्षं गेली. ताई आधी एकटी जाऊ लागली, मग माझ्याबरोबर, आणि हळूहळू तिने भाऊजींना विचारणंच सोडलं. मला या गोष्टीचा संताप यायचा. माणूस वाईट सवयीपायी बायकोला विसरला तर निदान भांडता तरी येतं. हे नियमापायी विसरले होते.

जेवताना फोन पाण्याच्या तांब्याला टेकलेला असे. एक घास, एक तक्रार. शिक्षेच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या: आधी समज, मग ताकीद, मग आठवडाभर बाहेर. शेवटी ताईने कंटाळून मंचावर खातं उघडलं आणि एका गरमागरम चर्चेच्या मधोमध लिहिलं, "येताना दूध आणा." भाऊजींनी ते विषयांतर म्हणून उडवलं आणि तिला समज दिली. दूध आणलं नाही ते नाहीच.

"अगं, मंचावर सगळे सारखे," ते मला समजावत होते.

"घरात कोण सारखं आहे ते सांगा," ताई आतून म्हणाली.

अशात तो दीपगृहाचा सिनेमा आला. गोष्ट साधी. समुद्रात एका खडकावर दीपगृह, त्यात एक म्हातारा राखणदार, आणि त्याच्या सोबतीला एक बकरी. मध्यंतराला वादळात बकरी हरवते आणि शेवटी परत येते. पण एका सभासदाला असं दिसलं की हरवण्याआधी बकरीच्या डाव्या कानावर काळा डाग आहे आणि परत येते तेव्हा तो उजव्या कानावर आहे. संपलं. बकरी एक की दोन, यावर 'पडदा' उभा फाटला. एकजण म्हणाला, दिग्दर्शकाने निष्काळजीपणा केला. दुसरा म्हणाला, छे, मुद्दामच केलंय. म्हाताऱ्याला दिसत नाही, तो भलतीच बकरी घरात घेतो, हीच तर शोकांतिका आहे. एकजण चक्क जनावरांच्या डॉक्टरला विचारून आला. बहुतेक सगळे दोन बकऱ्यांच्या बाजूने झुकले. 'एकच बकरी' म्हणणारा उरला एकटाच, 'शेवटची रांग' नावाचा सभासद. तो हटायला तयार नाही. दिवसातून दहा वेळा लिहायचा, "एकच आहे. तीच आहे. डोळे तपासून घ्या." भाऊजींनी त्याला समज दिली, ताकीद दिली, एकदा आठवडाभर बाहेरही ठेवलं. परत आल्यावर त्याचं पहिलं वाक्य: "एकच आहे."

आणि नेमकं तेव्हाच सभासदांनी ठरवलं की एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं. एक लहानसं चित्रपटगृह सकाळच्या वेळी मिळत होतं. तिथे सगळ्यांनी मिळून हाच सिनेमा बघायचा, आणि सिनेमा संपल्यावर खुद्द पंचांनी व्यासपीठावर येऊन बकरीचा निकाल द्यायचा.

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते आमच्याकडे आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. "मी जाईन," ते म्हणाले, "पण शेवटच्या ओळीत बसून फोनवर काम करेन. भाषण लिहून ठेवलंय. दोन्ही बाजूंचे मुद्दे विचार करण्यासारखे आहेत, असं."

"पण सिनेमा?"

"वाद चालू आहे ना अजून. कसा बघणार?"

मागून ताई आली होती. ती शांतपणे म्हणाली, "माझ्याशेजारी बसायचं. पडद्याकडे बघायचं. नाहीतर मी स्वतः वर चढून सांगणार, की तुमच्या पंचांनी इतक्या वर्षांत एक सिनेमा बघितलेला नाही."

"अगं, मंच बुडेल!"

"बुडू दे," ताई म्हणाली. तिचा आवाज थोडा कापला, म्हणून मला कळलं की ही नुसती धमकी नाही. "मला माझा नवरा एकदा अंधारात गप्प बसलेला बघायचाय."

त्या सकाळी चित्रपटगृहाच्या दालनात सगळे छातीवर टोपणनाव लावून हिंडत होते. रोज एकमेकांची सालटी काढणारी माणसं समोरासमोर इतकी लाजत होती की बघवत नव्हतं. भाऊजींची मदतनीस पंच 'फाटकं तिकीट' म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या एक बाई निघाल्या. त्यांनी सगळ्यांना आधी हात धुऊन यायला सांगितलं आणि मोठमोठे लोक गेले धुवायला. 'शेवटची रांग' हा बारीक अंगाचा, निवृत्त बसवाहक होता. जाड भिंगांचा चष्मा, आणि बसला मात्र अगदी पहिल्या रांगेत, कारण मागून त्याला दिसत नाही.

दिवे मालवले. भाऊजींनी फोन काढला. ताईने तो हातातून घेतला, पर्समध्ये घातला आणि पर्सवर बसली. भाऊजी थोडा वेळ पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे तळमळले. मग नाइलाजाने त्यांनी मान वर केली.

आधी ते नुसते बघत होते. मग पुढे सरकून बसले. बकरीने राखणदाराची टोपी खाल्ली तेव्हा इतक्या जोरात हसले की पुढचे लोक वळून बघू लागले. वादळ आलं, दावं तुटलं आणि म्हातारा कंदील घेऊन भलत्याच बाजूला निघाला. त्यासरशी भाऊजी उभेच राहिले. "अहो, मागे! मागे बघा!" ते ओरडले. ताईने शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं. मध्यंतरात ते जागचे हलले नाहीत. "सापडते ना गं?" असं त्यांनी ताईला विचारलं. ज्या माणसाने बकरी परत येते की दुसरी येते यावरच्या शेकडो टिप्पण्या वाचल्या होत्या, तो हे विचारत होता. ताई म्हणाली, "गप्प बसा आणि बघा." शेवटी धुक्यातून घंटा वाजली, बकरी पायऱ्या चढून वर आली, आणि भाऊजी हमसाहमशी रडले. ताईने पदराने त्यांचं नाक पुसलं. मी दुसरीकडे बघितलं.

दिवे लागले आणि पंचांच्या नावाचा पुकारा झाला. भाऊजी वर गेले. खिशातलं भाषण काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवलं. "मला आवडला," ते म्हणाले. "फार आवडला."

कुणी टाळी वाजवली नाही. मंचावर असं नुसतं आवडायची पद्धत नव्हती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून 'शेवटची रांग' उठला. "ते ठीक. पण कान पाहिलेत का? एक की दोन?"

"कान?" भाऊजी म्हणाले. त्यांचा तो लिफ्टवाला आवाज कुठल्या कुठे गेला. "कान? तो म्हातारा तिकडे जीव टाकत होता आणि तुम्ही कान बघत होतात? दगड आहात का? इतक्या वर्षांनी मी एक सिनेमा बघितला, आणि तुम्ही मला..."

पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "इतक्या वर्षांनी म्हणजे?"

भाऊजींनी ताईकडे बघितलं. ताईने मान हलवली नाही, वाचवलं नाही, काही केलं नाही. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं: नियम, वाद, न बघितलेले सिनेमे. एकच गलका उठला. कुणी म्हणे फसवणूक, कुणी म्हणे तरीच निकाल इतके थंड असायचे. शेवटी पाळणाघरवाल्या बाईंनी टाळी वाजवली तेव्हा लोक खाली बसले.

"सभासदाला दगड म्हटलं, ही वैयक्तिक टीका," त्या म्हणाल्या. "समज-ताकीद पंचांना लागू नाही, त्यांना नियम आधीच माहीत असतात. आठवडाभर बाहेर. परत आल्यावर एक ठरवायचं. पंच राहायचं असेल तर कुठल्याही सिनेमावर मत नाही, कधीच नाही. मत द्यायचं असेल तर साधे सभासद." आणि त्यांनी तिथेच फोनवर बोट दाबलं. ताईच्या पर्समध्ये टिंग वाजलं.

आम्ही बाहेर आलो. भाऊजी पायऱ्यांवर असे उभे होते की जणू घरातूनच बाहेर काढलंय. मला त्यांची कीव आली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. तेवढ्यात 'शेवटची रांग' दबकत आला. भाऊजींनी हात जोडले. "चुकलं माझं. तुम्हाला दगड म्हणायला नको होतं."

"नाही हो, त्याचं काही नाही," तो म्हणाला. चष्मा काढून तो पुसत राहिला. "माझ्याकडे एक मांजर आहे. म्हणजे होतं. म्हणजे बाहेर गेलंय. बरेच दिवस झाले. दुधाची बशी मी ठेवतो रोज. आणि हे लोक म्हणतात, परत येतं ते दुसरंच असतं." त्याने चष्मा लावला. "म्हणून विचारलं. तुम्ही आज पाहिलंत. तुमचं मत काय?"

भाऊजी काही बोलणार तोच त्याने घाईघाईने हात वर केला. "थांबा. मत दिलंत तर पंचपद जाईल. बाई आत्ताच म्हणाल्या. नका देऊ. मी समजून घेईन."

भाऊजींनी आमच्याकडे बघितलं नाही. जी गोष्ट त्यांनी इतकी वर्षं जिवापाड सांभाळली, जिच्यापायी घरात दूध आलं नाही आणि ताई एकटी अंधारात बसली, ती त्यांनी त्या पायऱ्यांवर सोडून दिली. "जाऊ दे पंचपद," ते म्हणाले. "बकरी एकच होती. तीच परत आली."

डाग मला दिसला होता, आधी डाव्या कानावर आणि नंतर उजव्या. ताईलाही दिसला असणार. तिच्या नजरेतून सदऱ्यावरचा एवढासा डाग कधी सुटलेला नाही, आणि खोटं बोलणं तिला आयुष्यात जमलेलं नाही. 'शेवटची रांग' आता तिच्याकडे बघत होता. ताई एक पायरी खाली उतरली आणि भाऊजींच्या शेजारी उभी राहिली.

"एकच," ती म्हणाली. "मी तर लांबूनच ओळखलं तिला."