मॅडमच्या डब्याचं झाकण

"ते सगळं छान, पण डोळा कुठे असेल?"

प्रोजेक्टची कुठलीही कल्पना घेऊन मुलं आली, की आमच्या ऑप्टिक्सच्या मॅडमचा पहिला प्रश्न हाच. केसाची जाडी लेसरने मोजायची? डोळा कुठे असेल? दुधातली भेसळ पकडायची? डोळा कुठे असेल? मी शेजारच्या लॅबमध्ये शिकवायचो. वैतागून म्हणायचो, "अहो मॅडम, कपाळाखाली असेल, आणखी कुठे!" त्या हसायच्या, पण उत्तर मिळेपर्यंत प्रोजेक्टच्या कागदावर सही काही करायच्या नाहीत.

लेसर लावण्याआधी दारातच झडती. घड्याळं, अंगठ्या, कडी, बांगड्या, सगळं टोपलीत. "चमकने वाली चीज नको बेटा, किरण उलटा फिरतो." मूळच्या ग्वाल्हेरच्या, बोलता बोलता हिंदीत शिरायच्या.

मागच्या वर्षी बरखेड्याच्या अनुजाने तलावाचं पाणी किती गढूळ आहे, ते लेसरने मोजायचं ठरवलं. मॅडम इतक्या खूश, की सकाळी फिरायला गेल्या तेव्हा पाणी स्वतःच भरून आणलं, आपल्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात. झडती झाली, टोपली भरली, लेसर सुरू झाला. काचेच्या भांड्यात पाणी कमी वाटलं म्हणून मॅडमनी पुन्हा डबा उघडला. झाकण किरणात आलं आणि हिरवी तिरीप थेट अनुजाच्या डाव्या डोळ्यात गेली.

डॉक्टर म्हणाले, आतल्या पडद्यावर बारीक डाग आहे, थांबून बघू.

आता तुम्हीच सांगा, त्या बाईने काय करावं? जेवण सुटलं. रोज सकाळी ग्राफ पेपर घेऊन अनुजासमोर उभ्या, तिचा उजवा डोळा स्वतःच्या तळहाताने झाकून.

"रेषा सरळ आहेत?"

"मधली वाकते, मॅडम."

त्यांचा चेहरा बघवत नसे. खरं सांगतो, सकाळी त्या दारावरून जायचीच मला धास्ती वाटायला लागली.

मॅडमची रिटायरमेंट तोंडावर आली, तेव्हा एके सकाळी अनुजा म्हणाली, "सीधी है मॅडम. एकदम सीधी!"

मॅडमनी कागद फिरवून पुन्हा विचारलं. सरळ. मग स्टुलावर बसून, तोंडाला पदर लावून त्या रडल्या. दुपारी माझ्या डब्यातली भेंडीसुद्धा त्यांनी संपवली.

आता त्या नाशिकला मुलाकडे असतात. परवा अनुजा लॅबबाहेर भेटली, नुकताच फोन ठेवत होती.

"मॅडम होत्या," ती म्हणाली. "अजून विचारतात, सरळ दिसतं ना म्हणून."

"मग?"

"वाकडंच दिसतं, सर. डॉक्टर म्हणाले, एवढं राहणारच." तिने फोन पिशवीत टाकला. "त्यांना नका सांगू हं."