रॉजर म्हणजे हो नव्हे

आमच्या घरात कंट्रोल टॉवर होता असं सांगितलं की नातवंडं हसतात. हसू द्या. स्वयंपाकघराची खिडकी म्हणजे टॉवर, मागचं सिमेंटचं अंगण म्हणजे जबलपूरचा डुमना विमानतळ, आणि टॉवरमध्ये मी, कोपरापर्यंत कणीक लागलेली. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. कॉलेजात जात होते, पण सकाळच्या पोळ्या माझ्याच गळ्यात होत्या.

घर म्हणजे फॅक्टरीचं क्वार्टर, घमापूरच्या पुढे. बाबा तिथं तोफगोळ्यांच्या कामावर चार्जमन, कामगारांच्या वरचे. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि त्याला विमानाचं खूळ. एका फ्लाइंग क्लबनं त्या काळात डुमन्याला दोन सीटचं एक जुनं विमान ठेवलं होतं आणि शिष्यवृत्ती देऊन चार पोरं घेतली होती. त्यांत आमचा दादा. बाबांना ते फारसं पटलं नव्हतं, पण त्यांनी अडवलंही नाही. "उडू दे," म्हणाले, "संध्याकाळी जेवायला तर खालीच येईल ना."

दादाचा हात चांगला होता म्हणे. अडत होतं ते बोलण्यात. शिकवणारे मास्तर फौजेतून आलेले, मिशाळ आणि तापट. ते म्हणायचे, "विमान तर गाढव पण उडवेल, वायरलेसवर बोलायला माणूस लागतो."

विमान असं येऊन धपकन उतरत नाही, हे मला तेव्हाच कळलं. ते धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घालतं. वारा पाठीशी घेऊन पट्टीच्या बाजूबाजूनं जायचं ती डाऊनविंड. मग एक वळण, ते बेस. आणखी एक वळण, की समोर पट्टी, ते फायनल. जागोजागी टॉवरला ठरलेल्या शब्दांत सांगायचं मी कुठे आहे, आणि टॉवरनं जे सांगितलं ते तसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. शब्द जास्त नाही, कमी नाही. आता जबलपूरच्या माणसाला हे कसं जमावं? आम्ही 'अच्छा' म्हटल्याशिवाय पाणी पीत नाही. एकदा टॉवरनं दादाला सांगितलं की पुढे डाकोटा विमान उतरतंय, तुझा नंबर दोन. दादानं वरून उत्तर दिलं, "अच्छा जी, आ रहा हूँ." मास्तरांनी त्याला आठ दिवस विमानाला हात लावू दिला नाही.

म्हणून ही घरची शाळा. दादानं अंगणात चुन्यानं धावपट्टी आखली, भोवती फेरीचा चौकोन आखला, आणि त्या रेघेवरून तो चालायचा. मी लाटणं तोंडाशी धरून टॉवर.

"टॉवर, डाऊनविंड."

"नंबर टू. पुढे आई आहे, कपडे वाळत घालून राहिली."

"नंबर टू, आई दिसली."

आई पदरानं तोंड दाबून हसायची. एकदा तिनं नेमके धावपट्टीवर गहू पसरले. दादा फायनलवर आला तशी मी खिडकीतून ओरडले, "गो अराउंड! गो अराउंड!" तो वळला आणि पुन्हा पहिल्यापासून फेरी. "काहून बोंबलून राहिली वो?" आई म्हणाली. "दोन दाणे पायाखाली आले असते, आणखी काय!"

माझं पाठांतर त्याच्याहून पक्कं झालं. ऐकू नाही आलं तर 'से अगेन' म्हणायचं, 'रिपीट' म्हणायचं नाही, कारण तोफखान्यात 'रिपीट' म्हटलं की त्याच जागी पुन्हा गोळे टाकतात. हा नियम बाबांना फार आवडला. "आमचे गोळे फुकट घालवाल," म्हणाले. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो रॉजर. दादानं वही उघडून मला समजावलं होतं.

"रॉजर म्हणजे तुझं बोलणं मला पुरतं ऐकू आलं. बस्स. 'हो' नाही, 'नाही' पण नाही. हो म्हणायचं तर अफर्मेटिव्ह. करतो म्हणायचं तर विल्को."

"म्हणजे आपल्या अच्छासारखं?"

"अगदी तसंच. बाबा म्हणतात दुपारी भांडी घासून ठेव, तू म्हणते अच्छा, आणि भांडी तिथंच. तुझा अच्छा म्हणजे रॉजर."

मी लाटणं फेकून मारलं होतं त्याला. पण शब्द डोक्यात बसला तो बसलाच.

दादा वायरलेसच्या परीक्षेत पास झाला. एकट्यानं विमान उडवून उतरवलं. बाबांनी खोव्याची जलेबी आणली, आईनं त्याला ओवाळलं. सगळे त्याच्याभोवती, आणि मी उष्टी ताटं उचलत होते. माझी परीक्षा कुणी घेतलीच नाही. घेतली असती तर पहिली आले असते, आजही सांगते.

मग एकाहत्तरची लढाई आली. आमच्याकडे ती दोन महिने आधीच आली होती. फॅक्टरीत बारा बारा तासांची पाळी, सुट्ट्या बंद, बाबा तीन तीन दिवस घरी नाहीत. खिडक्यांना काळे कागद चिकटवले, माझ्या टॉवरलासुद्धा. क्लबचं उड्डाण बंद झालं. विमान दोरानं बांधून त्यावर ताडपत्री टाकली. त्याच आठवड्यात दादाला नागपूरच्या फ्लाइंग क्लबचं पत्र आलं. पुढच्या लायसन्ससाठी त्याला तिकडे घ्यायला तयार होते, पंधरा दिवसांत कळवा म्हणून लिहिलं होतं.

दादा ते पत्र खिशात घेऊन अंगणात फिरायचा. घाण्याच्या बैलासारखा त्या चुन्याच्या रेघेवरून. डाऊनविंड, बेस, फायनल, आणि पट्टीवर यायच्या आधीच पुन्हा वळायचा. मी काळ्या कागदाचा कोपरा उचलून बघायची. जीव घुसमटायचा माझा. तो उडू शकत नव्हता, आणि मला तर बाहेर पडायला अंगणसुद्धा नव्हतं.

बाबांचा डबा मी सायकलवर गेटपर्यंत नेत असे. ते बाहेर येत, शिपायासमोर उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलत. त्या दिवशी डोळे लाल होते त्यांचे, नखांत काळं तेल. डबा हातात घेऊन ते म्हणाले, "बेटा, नीट ऐक. इथं भरती सुरू आहे. साहेब म्हणाले, मुलाचा फॉर्म द्या. मी पुढच्या वर्षी रिटायर होतो, तो लागला तर क्वार्टर आपल्याकडे राहील, नाही तर सोडावं लागेल. पण लढाई आहे, एकदा घेतला की मधून सोडणार नाहीत, हे पण त्याला सांग. मी जबरदस्ती नाही करत. त्याच्या मनात नसेल तर साहेबांना नाही सांगतो. उद्या डब्याच्या वेळेला मला फक्त हो की नाही ते सांग."

मी घरी आले. दादा अंगणातच होता, बेसच्या वळणावर. मी खिडकीतून त्याला सगळं सांगितलं, बाबांच्या शब्दांत, एकही शब्द न गाळता. जबरदस्ती नाही हे सांगितलं, मधून सोडणार नाहीत हे सांगितलं, उद्या उत्तर पाहिजे हेही सांगितलं.

त्यानं ऐकलं.

"रॉजर," तो म्हणाला.

मी थांबले. रॉजरच्या पुढे काहीतरी येईल म्हणून लाटणं हातात धरून थांबले. काही आलं नाही. तो वळला आणि चालू लागला. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तशी मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत तो बाहेर गेलेला होता. मी डबा घेऊन गेटवर गेले. बाबांनी डबा घ्यायच्या आधी विचारलं, "काय म्हणाला?"

'अजून सांगितलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. बाबांनी आणखी एक दिवस दिला असता, दोन दिले असते. ते तसे नव्हते हो, अडेल नव्हते.

"हो म्हणाला," मी म्हटलं.

काहून म्हटलं? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले की भीतीनं म्हटलं. लढाईचे दिवस, विमानं पडल्याच्या बातम्या रोज रेडिओवर, भाऊ घरी राहील तर बरं. ही भीती होती, खोटी नव्हती. पण खरं ते सांगून टाकते, आता कुणाची लाज धरायची? मी जळत होते. तो नागपूरला जाणार, तिथून कुठल्या कुठे जाणार, आणि मी त्या काळ्या कागदामागे पोळ्या लाटणार. अडकायचं तर दोघांनी अडकू, असं त्या एका क्षणात माझ्या मनात आलं. आणि तोंडातून 'हो' निघून गेलं.

बाबांनी डोळे मिटले. मग हात माझ्या डोक्यावर ठेवला. "समजदार झाला तुझा भाऊ," म्हणाले.

तीन दिवसांनी ते घरी आले ते कागद घेऊनच. पुन्हा जलेबी. साहेबांना शब्द दिला होता, नाव चढलं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. दादानं कागद वाचला, दोनदा वाचला. मी दाराशी उभी होते. तो माझ्याकडे बघेल आणि सगळं बाहेर येईल असं वाटलं. त्यानं बघितलंच नाही. टॉवर चुकीचं सांगेल हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

"अच्छा," तो बाबांना म्हणाला.

बाबा हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या अच्छाचा अर्थ घरात मला एकटीला कळला, आणि मी मूग गिळून बसले. रात्रीची भाजी कोणती करायची ते आईला विचारायला गेले. खिशातल्या पत्राचं काय केलं, त्यानं कधी सांगितलं नाही. संक्रांतीला आईनं अंगण घासून काढलं तोवर चुन्याच्या रेघा तशाच होत्या.

दादा फॅक्टरीत गोळ्यांची मापं तपासायचा. दिवसभर एक लोखंडी कडं घ्यायचं, गोळा त्यातून जातो का ते बघायचं, पुढचा घ्यायचा. लढाई संपली, तरी नोकरी थोडीच संपते? क्वार्टर राहिलं, त्याचं लग्न झालं, पोरं झाली. मला चेरीतालला दिलं, म्हणजे त्याच गावात. दर रविवारी माहेरी जायचे आणि दर रविवारी दोघांचं ऐकायचे, वेगवेगळं.

बाबा म्हणायचे, "स्वतःच हो म्हणाला, आणि आता तोंड फुगवून राहिला. मी काय जबरदस्ती केली होती काय?"

दादा म्हणायचा, "मी उत्तर द्यायच्या आत शब्द देऊन मोकळे झाले. एक दिवस थांबले असते तर काय आकाश कोसळलं असतं?"

दोघांनाही मी म्हणायचे, "जाऊ द्या ना." दुसरं काय म्हणणार? हळूहळू ते एकमेकांशी बोलेनासे झाले. भांडण नाही, आवाज नाही. "त्याला सांग टाकी भरली." "त्यांना सांग डॉक्टरकडे पाचला जायचं आहे." एका खोलीत बसून हे निरोप, आणि ते पोचवायला मी. किती वेळा ओठांवर आलं असेल! बाबांच्या शेवटच्या आजारात तर रोज यायचं. ते डोळे उघडून विचारायचे, "तो राग गेला का त्याचा?" आणि मी म्हणायचे, "गेला, बाबा." आणखी एक खोटं.

बाबा गेले तेव्हा दादा पंचेचाळीस वर्षांचा होता. अस्थी घेऊन आम्ही नर्मदेवर ग्वारीघाटला गेलो. नावेत आम्ही दोघं आणि नावाडी. दादानं मडकं पाण्यात सोडलं, हात धुतले, आणि ओला हात गुडघ्यावर ठेवून बसला. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं होतं आज तरी येईल.

"एक दिवस थांबायला पाहिजे होतं त्यांनी," तो म्हणाला. "मी नाही म्हणणार होतो की हो, मला स्वतःलाच माहीत नव्हतं. पण विचारून थांबायला पाहिजे होतं."

मग मला राहवलं नाही.

"थांबले होते ते," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी गेटवर मला विचारलं, काय म्हणाला. तू रॉजर म्हणाला होतास. मी सांगितलं, हो म्हणाला."

दादानं माझ्याकडे वळून बघितलं. त्या अंगणानंतर तेवीस वर्षांत त्याच्या तोंडून वायरलेसचा एकही शब्द मी ऐकला नव्हता.

"से अगेन."

मी पुन्हा सांगितलं. शब्द तेच, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मडकं जिथं बुडालं त्या पाण्याकडे वळून बघितलं.

"रॉजर," तो म्हणाला.

मी थांबले. नाव घाटाला लागली. त्यानं मला हात देऊन उतरवलं, घरी आलो, तेराव्याचं जेवण झालं, पुढे तो रिटायर झाला, क्वार्टर सुटलं. रविवारी अजून येतो, चहा पितो, पोराबाळांची चौकशी करतो. मी अजून थांबूनच राहिले.